शुक्रावरचं जोशी विवर, शेवटी दोन ई

पश्चिमक्षितिज:

नमस्कार मंडळी. गेल्या आठवड्यात गच्चीवर दुर्बीण लावून शुक्र बघत होते. शेजारची सातवीतली मुलगी आली होती. बराच वेळ डोळा लावून बसली आणि म्हणाली, "मावशी, हा चंद्रासारखा अर्धा दिसतोय, पण ह्याच्यावर डाग कसे नाहीत?" मी तिला सांगितलं की दिसतंय ते सगळं ढगांचं आवरण, जमीन त्याच्या खाली आहे. त्या जमिनीवर नऊशेहून जास्त विवरं आहेत आणि त्यातलं एक आपल्या कल्याणला वाढलेल्या मुलीच्या नावाचं आहे.

"कोण?" म्हणाली.

आनंदीबाई जोशी. तिला लगेच दाखवावं म्हणून फोनवर ग्रहांवरच्या नावांची अधिकृत यादी उघडली, शोधायच्या चौकटीत जोशी टाइप केलं. जे ओ एस एच आय. काही नाही. परत केलं. काही नाही. पोरगी माझ्या तोंडाकडे बघतेय. शेवटी शुक्राची यादी काढून 'जे' अक्षरापासून एकेक नाव खाली सरकवत गेले. जेक्स-ब्लेक. झिराड. ज्योलिओ-क्युरी. आणि त्यांच्या खाली, जे ओ एस एच ई ई. शेवटी आय नाही, दोन ई.

खरं तर तिथेच मला लक्षात यायला हवं होतं. आनंदीबाई अमेरिकेत आडनाव असंच लिहीत. कॅरोलाइन डॉल यांनी १८८८ साली अमेरिकेत त्यांचं चरित्र छापलं, त्याच्या नावातही हेच स्पेलिंग आहे. आपण सगळे आज सवयीने आय लावतो. शुक्रावर मात्र नाव लागलंय ते त्यांचं स्वतःचं, त्यांनी लिहिलं तसं.

आता विवराबद्दल. व्यास ३४.३ किलोमीटर. म्हणजे १८५३ साली पहिली आगगाडी बोरीबंदरहून ठाण्याला गेली, साधारण तेवढं अंतर. एका कडेवर बोरीबंदर धरलंत तर समोरच्या कडेवर ठाणे. जागा ५.५ अंश उत्तर, २८८.८ अंश पूर्व, म्हणजे शुक्राच्या विषुववृत्ताच्या जरा वर. बीटा रेजिओ आणि फीबी रेजिओ असे दोन उंच प्रदेश आहेत, त्यांच्या मधल्या पट्ट्यात. ह्याच पट्ट्यातून देवाना चाझ्मा नावाची प्रचंड भेग जाते. देवाना ही चेक लोकांची शिकारीची देवी.

हे विवर कुणी डोळ्यांनी पाहिलेलं नाही, दुर्बिणीतून दिसणारही नाही. नासाचं मॅगेलन यान ऑगस्ट १९९० मध्ये शुक्राभोवती फिरायला लागलं आणि रडारच्या लहरी ढगांतून आरपार पाठवून त्याने जवळजवळ ९८ टक्के पृष्ठभागाचा नकाशा केला. त्याआधी सोव्हिएत रशियाच्या व्हेनेरा १५ आणि १६ यानांनी १९८३-८४ मध्ये रडारने नकाशे काढले होते, पण ते उत्तरेकडच्या भागाचे. विषुववृत्ताजवळचा हा टापू नीट उलगडला तो मॅगेलनमुळेच.

कुणाला आणखी काही माहीत असेल तर जरूर लिहा.

दुपारचा_चहा:

सुंदर धागा. अंगावर काटा आला. बोरीबंदर-ठाणे वाचून आकार एकदम डोळ्यांसमोर उभा राहिला.

अलिबागवाली:

ताई, थांबा थांबा. तुमच्या यादीत जोशींच्या वर दोन नावं सोडून 'झिराड' आहे. हे आमचं झिराड का? अलिबाग तालुक्यातलं?

पश्चिमक्षितिज:

@अलिबागवाली, हो, तेच! डॉ. जेरुशा झिराड. बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजातल्या. ह्या समाजातली पुष्कळ आडनावं कोकणातल्या गावांवरून आलेली आहेत हे तुम्हाला मी काय सांगणार. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकल्या, पुढे लंडनला जाऊन एमडी केलं, आणि कामा हॉस्पिटलच्या प्रमुख झाल्या. १९६६ साली पद्मश्री मिळाली. त्यांच्या नावाचं विवर जोशींपेक्षा मोठं आहे, सुमारे ५० किलोमीटर.

म्हणजे बघा, इंग्रजी अक्षरांच्या क्रमाने त्या यादीत एडिनबरोत बायकांच्या डॉक्टरकीसाठी भांडलेल्या सोफिया जेक्स-ब्लेक, मग झिराड, थोडं खाली ज्योलिओ-क्युरी, मग जोशी. मुद्दाम कुणी असं जुळवलं नसतं.

अलिबागवाली:

माझी आई झिराडची. आत्ता फोन करून सांगितलं. आधी तिला वाटलं मी थट्टा करतेय.

आणि आनंदीबाईही अलिबागला राहिल्या होत्या ना? गोपाळरावांची पोस्टातली बदली आमच्याकडे झाली होती असं वाचलंय.

पोस्टमनची_लेक:

बरोबर. गोपाळराव टपाल खात्यात होते, त्यामुळे बदल्या चालूच. कल्याण, अलिबाग, कोल्हापूर, पुढे कलकत्ता आणि श्रीरामपूर. हे बंगालमधलं श्रीरामपूर बरं का, नगरचं नव्हे. परदेशी जाण्याआधी १८८३ साली तिथल्या कॉलेजच्या सभागृहात आनंदीबाईंनी आपण का जातोय हे भर सभेत सांगितलं. पुरती अठरा वर्षांचीही नसलेली मुलगी. माझे वडीलही टपाल खात्यात होते, दर तीन वर्षांनी शाळा बदलायची म्हणजे काय हे मला ठाऊक आहे. म्हणून मला त्यांच्या शिक्षणाचं जास्तच कौतुक वाटतं.

मी_अनभिज्ञ:

एक शंका. विवराला 'जोशी' का? आडनाव तर नवऱ्याचं. 'आनंदी' का नाही ठेवलं? हजारो जोशी आहेत. कल्याणच्या कुठल्याही गल्लीत चार सापडतील.

लोणारचा_वाटसरू:

@मी_अनभिज्ञ, नियम तसा आहे. ही नावं आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघ ठरवतो. शुक्रावर २० किलोमीटरपेक्षा मोठ्या विवराला आपल्या क्षेत्रात पायाभूत काम केलेल्या, हयात नसलेल्या स्त्रीचं आडनाव देतात. त्याहून लहान विवर असेल तर नुसतं मुलीचं नाव, जगातल्या कुठल्याही भाषेतलं, कुठल्याही ठरावीक व्यक्तीचं नाही. ३४ किलोमीटर म्हणजे आडनावच लागणार. 'आनंदी' लहान विवराला चालेल, पण मग ते ह्याच आनंदीबाईंचं राहणार नाही, सगळ्याच आनंदींचं होईल.

पश्चिमक्षितिज:

@मी_अनभिज्ञ, तुमचा प्रश्न मलाही पडला होता, आणि त्यावर दोन दिवस विचार केला. नियम वाटसरूंनी सांगितला तो बरोबरच आहे. पण ह्या बाबतीत नियम नकळत फार योग्य जागी पोचलाय असं मला वाटतं.

त्यांचं जन्मनाव यमुना. वडील गणपतराव जोशी. नवव्या वर्षी लग्न झालं, गोपाळरावांनी नाव बदलून आनंदी ठेवलं. म्हणजे 'आनंदी' हेच नवऱ्याने दिलेलं नाव. आणि आडनाव? माहेरचंही जोशी, सासरचंही जोशी. यमुना गेली, आनंदी आली, मग आनंदीबाई झाली, अमेरिकेत काही ठिकाणी आनंदाबाई असंही लिहिलं गेलं. जन्मल्यापासून शेवटच्या दिवसापर्यंत तिच्याजवळ न बदललेलं एकच नाव होतं, जोशी. दगडात कोरायचं तर तेच कोरायला हवं.

मी_अनभिज्ञ:

हे डोक्यातच आलं नव्हतं. शब्द मागे घेतो.

दुपारचा_चहा:

माहेर-सासर दोन्ही जोशी हे मला आज कळलं. इतकी वर्षं मी पण 'नवऱ्याचं आडनाव' हेच धरून होते.

न्यूजर्सीकर:

ताई, दगडात कोरण्यावरून लिहितो. मी न्यू जर्सीत राहतो. आनंदीबाई इथे रोझेल गावात थिओडिशिया कार्पेंटर बाईंच्या घरी राहिल्या होत्या. ही बाई दाताच्या डॉक्टरकडे आपला नंबर यायची वाट बघत बसली होती, तिथे एका मिशनरी मासिकात गोपाळरावांचं पत्र तिच्या वाचनात आलं, आणि तिने आपणहून मदतीचा हात पुढे केला. तिथून सगळं सुरू झालं.

त्या पुण्यात गेल्या २६ फेब्रुवारी १८८७ ला. वय पुरतं बावीसही नाही. क्षयाने. गोपाळरावांनी अस्थी कार्पेंटर बाईंकडे पाठवल्या आणि त्यांनी त्या न्यूयॉर्क राज्यात पकीप्सी इथल्या आपल्या घराण्याच्या दफनभूमीच्या जागेत ठेवल्या. मी दोन वर्षांपूर्वी बायकोबरोबर तिथे गेलो होतो. ऑक्टोबर होता, पानगळ सुरू झालेली. कार्पेंटर, कार्पेंटर, कार्पेंटर असे दगड चालले आहेत आणि मध्येच आपलं मराठी नाव. शिक्षणासाठी भारत सोडणारी पहिली ब्राह्मण स्त्री, असं त्यावर कोरलंय. आणि हो, जोशीच्या शेवटी दोन ई. बायकोने ओंजळीने पानं बाजूला केली तेव्हा ते दोन्ही ई मी स्वतः बघितले. तेव्हा वाटलं होतं अमेरिकन पाथरवटाने चूक केली. आज तुमच्यामुळे कळलं की चूक माझी होती.

अलिबागवाली:

@न्यूजर्सीकर दादा, डोळे भरून आले.

कोल्हापुरी_चप्पल:

त्यांची नेमणूक आमच्या कोल्हापूरला झाली होती. अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलच्या स्त्रियांच्या विभागाच्या प्रमुख म्हणून. आज आम्ही सगळे ज्याला सीपीआर, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, म्हणतो तेच ते. पण परत आल्या त्याच मुळात आजारी होऊन, कामावर रुजू होणं झालंच नाही. सीपीआरच्या आवारात शिरलो की मला दर वेळी हे आठवतं.

इतिहासवेडा:

एक दुरुस्ती सुचवतो, राग नसावा. धाग्यात कुणी लिहिलेलं नाही, पण पुढे कुणीतरी 'पहिल्या भारतीय महिला डॉक्टर' लिहीलच, म्हणून आधीच सांगतो. १८८६ साली दोघी पदवीधर झाल्या. आनंदीबाई ११ मार्चला फिलाडेल्फियात, पेनसिल्व्हेनियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजातून. आणि त्याच वर्षी कलकत्त्यात कादंबिनी गांगुली, ज्यांनी पुढे कित्येक वर्षं प्रत्यक्ष डॉक्टरकी केली. दोघींनाही मान द्यावा. पहिलं कोण ह्यावर भांडण्यात एकीवर तरी अन्याय होतोच.

दुसरी गोष्ट अशी की त्या पदवीदानाला पंडिता रमाबाई खास हजर होत्या. दोघी नात्यातल्या. आनंदीबाईंचा प्रबंध होता प्राचीन हिंदूंच्या प्रसूतिशास्त्रावर.

पश्चिमक्षितिज:

@इतिहासवेडा, राग कसला, आभार. गच्चीवर त्या मुलीला मी 'पहिली' असंच म्हटलं होतं. उद्या भेटली की कादंबिनीबाईंचं सांगते.

आणि रमाबाईंचा विषय काढलात हे फार बरं केलंत, कारण त्याही शुक्रावर आहेत! फक्त 'रमाबाई' शोधलंत तर सापडणार नाहीत, 'डोंगरे' शोधलंत तरी नाहीत, 'सरस्वती' तरी नाहीत. त्या आहेत 'मेधावी' नावाने. १८८० साली त्यांनी बिपिनबिहारी मेधावी ह्या बंगाली वकिलांशी लग्न केलं, ते दोन वर्षांत गेले, आणि रमाबाई मुलीला घेऊन पुण्याला आल्या. ते आडनाव यादीत गेलंय. विवर साधारण ३० किलोमीटरचं, दक्षिण गोलार्धात.

म्हणजे १८८६ च्या मार्चमध्ये फिलाडेल्फियाच्या एका सभागृहात ज्या दोन मराठी बायका होत्या, त्या दोघी आता एकाच ग्रहावर आहेत. दोघींचीही नावं अशी की मराठी माणसाला सरळ शोधून मिळत नाहीत. एकीचं स्पेलिंग वेगळं, दुसरीचं आडनाव आपण विसरलेलो.

दुपारचा_चहा:

मेधावी!! आपण कुणीही हे नाव शोधलं नसतं.

झाशीवाला_नाही_पण:

छान माहिती. पण मग राणी लक्ष्मीबाईंचं नाव का नाही? शुक्रावर क्लिओपात्रा आहे असं वाचलंय. इजिप्तची राणी चालते आणि आपली नाही?

लोणारचा_वाटसरू:

क्लिओपात्रा आहे, मॅक्सवेल पर्वताच्या उतारावर, १०० किलोमीटरहून मोठं विवर. पण संघाचा नियम सांगतो की राजकीय, लष्करी किंवा धार्मिक महत्त्वाचं नाव द्यायचं नाही. सूट फक्त एकोणिसाव्या शतकाआधीच्या राजकीय व्यक्तींना. राणीसाहेब १८५८ च्या, म्हणून त्या नियमात अडकतात. क्लिओपात्रा दोन हजार वर्षांपूर्वीची. अपमान वगैरे काही नाही. अलीकडच्या लढायांची नावं आकाशात गेली की देशादेशांत भांडणं लागतील म्हणून ही काळजी घेतात, आणि मला ती पटते.

आणखी एक अट म्हणजे माणूस जाऊन निदान तीन वर्षं झालेली हवीत.

झाशीवाला_नाही_पण:

ठीक. पटलं. पण त्या मॅक्सवेलचं काय? तो तर पुरुष.

लोणारचा_वाटसरू:

हो, तो अपवाद. जेम्स क्लार्क मॅक्सवेल. विद्युतचुंबकीय लहरींचं गणित त्याचं, आणि रडार चालतं त्याच लहरींवर. नाव नियम ठरण्याआधी पडलं म्हणून राहिलं. शुक्रावरचा सर्वांत उंच पर्वत, सुमारे ११ किलोमीटर. त्याला लागून जे पठार आहे त्याचं नाव लक्ष्मी प्लॅनम, आपलीच लक्ष्मी. अल्फा आणि बीटा ही ग्रीक अक्षरांची नावं सोडली तर बाकी सगळा ग्रह बायकांचा आणि देवींचा.

आता माझ्या आवडीचं थोडं लिहितो. मी बुलढाण्याचा, लहानपणापासून लोणारला जातोय. लोणारच्या काठावर उभं राहिलं की पलीकडचा काठ दिसतो, व्यास १.८ किलोमीटर. खाली उतरायला लागलं की झाडीत शिरतो, हवा बदलते, तळ्याचा तो खारा वास नाकात येतो आणि पाण्याशी पोचेपर्यंत पाय भरून येतात. ते आपल्याला केवढं मोठं वाटतं! अशी एकोणीस लोणार एका रांगेत ठेवली तर जोशी विवराचा एक व्यास होईल.

पण खरी गंमत उलटी आहे. लोणारएवढी विवरं शुक्रावर जवळपास नाहीतच. तिथली हवा पृथ्वीच्या नव्वदपट दाबाची. लोणार करणारा दगड शुक्राकडे गेला असता तर जमिनीला लागायच्या आधी हवेतच फुटून विखुरला असता. दोन-तीन किलोमीटरपेक्षा लहान विवरं तिथे फारशी सापडत नाहीत ती ह्यामुळेच. जो दगड खालपर्यंत पोचला तो मोठाच होता. जोशी विवर करणारा त्यातलाच एक.

आणि लोणार हे नाव मंगळावर गेलंय. मंगळावरच्या लहान विवरांना एक लाखाहून कमी वस्तीच्या गावांची नावं देतात. २०२४ साली अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेच्या शास्त्रज्ञांनी शोधलेल्या तीन विवरांना नावं मिळाली, लाल, मुरसान आणि हिलसा. लाल हे त्या प्रयोगशाळेचे माजी संचालक देवेंद्र लाल यांच्यावरून, मुरसान उत्तर प्रदेशातलं आणि हिलसा बिहारमधलं गाव.

इतिहासवेडा:

बुधावर कलावंत आणि लेखक आहेत. कालिदास, वाल्मीकी, व्यास, तानसेन, त्यागराज, सूरदास.

मी_अनभिज्ञ:

आणखी एक शंका. हे विवर आदळल्यामुळेच झालंय हे कशावरून? ज्वालामुखीचं तोंड नसेल कशावरून? शुक्रावर ज्वालामुखी पुष्कळ आहेत म्हणतात.

पश्चिमक्षितिज:

चांगली शंका आहे. क्लिओपात्राबद्दल शास्त्रज्ञांचाच हा वाद बरीच वर्षं चालला होता.

रडारचं चित्र वाचायची पद्धत वेगळी असते. ते फोटोसारखं दिसतं, पण उजेड-सावलीचा तिथे तसा अर्थ नाही. खडबडीत जमीन रडारच्या लहरी परत फेकते, ती पांढरी दिसते. गुळगुळीत जमिनीवरून लहरी पलीकडे निसटतात, ती काळी. आदळून झालेलं विवर असेल तर सभोवती फेकल्या गेलेल्या दगडगोट्यांची पांढरी झालर दिसते, पाकळ्यांसारखी. ज्वालामुखीच्या तोंडाला ती नसते. ह्या आकाराच्या विवरांत मध्यभागी बरेचदा उंचवटाही असतो, कारण आदळल्यावर दबलेली जमीन उसळी मारून वर येते.

शुक्रावर पाऊस नाही, पाणी नाही, त्यामुळे झीज अगदी कमी. तापमान ४६० अंशांच्या वर, शिसं वितळेल इतकं, तरी विवरांच्या कडा कोट्यवधी वर्षं तशाच राहतात. पुष्कळशी विवरं काल पडल्यासारखी ताजी दिसतात.

पोस्टमनची_लेक:

मला एक सांगायचंय. हा धागा परवा वाचला आणि माझ्या भाचीला सांगितला. तिने विज्ञानाच्या प्रकल्पवहीत शुक्राचं चित्र काढून त्यावर आनंदीबाईंचं नाव इंग्रजीत लिहिलं, दोन ई लावून. वही परत आली तर बाईंनी लाल शाईने शेवटचे दोन्ही ई खोडून वर आय लिहिलेला. अर्धा गुणही कापला. भाची रडवेली झाली होती.

शाळेचं नाव लिहीत नाही, बाई चांगल्या आहेत, त्यांनाही ठाऊक नसेल. पण काय करावं?

न्यूजर्सीकर:

माझ्याकडे त्या दगडाचा फोटो आहे. संपर्कातून पाठवतो. छापून वहीत चिकटवायला सांगा.

पश्चिमक्षितिज:

आणि मी यादीच्या त्या पानाची प्रत पाठवते. मधल्या सगळ्या ओळींसह, म्हणजे वर झिराडही दिसेल.

भाचीला सांगा की फिलाडेल्फियाच्या कॉलेजातल्या तीन जणींच्या प्रसिद्ध फोटोतही हेच स्पेलिंग आहे. १८८५ सालचा, आनंदीबाई, जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या सबात इस्लांबूली, तिघी आपापल्या देशाच्या पोशाखात. आनंदीबाई साडीत. फोटोखाली नाव लिहिलंय, बघता येईल.

कोल्हापुरी_चप्पल:

इस्रोचं शुक्राचं यान जाणार आहे ना? त्यात हे विवर दिसेल का?

लोणारचा_वाटसरू:

सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली, १२३६ कोटींची मोहीम, मार्च २०२८ ला उड्डाणाचं ठरलंय. त्यावर रडार आहे. मॅगेलनचं काम १९९४ साली संपलं. इतक्या वर्षांनी त्या जमिनीवर आपली स्वतःची नजर पडेल.

अलिबागवाली:

म्हणजे झिराडवरही.

पश्चिमक्षितिज:

हो, झिराडवरही.

सातवीतल्या मुलीला काल कादंबिनीबाईंचं सांगितलं. तिने हिशेब केला. २०२८ ला ती दहावी संपवून अकरावीत जाईल. म्हणाली, "मावशी, चित्र आलं की मलाच आधी दाखव." मी हो म्हटलंय, तेव्हा इथे कुणाला आधी कळलं तर मला लगेच कळवा.

पोस्टमनची_लेक:

ताजी खबर. भाचीने फोटो आणि यादी दोन्ही वहीत चिकटवून नेलं. बाईंनी तासाला सगळ्या वर्गाला दाखवलं, आणि वहीतला तो आय स्वतः खोडून दोन्ही ई परत लिहिले. लाल शाईनेच.